नळीखालचं बेलाचं पान

कुमुद,

समीरने मला एक काम दिलंय. तुझे दिवस झाले, पाहुणे गेले, फ्रीजमधल्या परक्या डब्यांवरची नावं वाचून मी ते ज्याचे त्याला परत करत होते, तेव्हा तुझा हा लेक माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "नलूमावशी, यू वेअर देअर. आईला तिच्या बाबांची ती खूण सापडली तेव्हा तू गॅरेजमध्ये होतीस. एका कागदावर लिहून देशील? मी तो रायफलबरोबर ठेवणार आहे. रियासाठी."

तुझ्या नातीसाठी म्हटल्यावर मी हो म्हटलं. नाही म्हणायला काय झालं? तीस वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या अंकात मी काहीबाही खरडते आहे, चार ओळी लिहायला मला कितीसा वेळ लागणार? दहा दिवस गेले. कागद कोराच होता.

कारण ती खूण तुझ्या बाबांनी कोरलेली नव्हती. मी कोरली होती. तुझ्याच गॅरेजमध्ये, तुझ्याच पटाशीने, तुझ्या फ्रीजमधली बर्फी खात खात.

पाच वर्षं हे मी तुला सांगितलं नाही, आणि आता बघ कसं घडाघडा सांगते आहे. भित्र्या माणसांचं असंच असतं. समोरचं माणूस गेलं की त्यांना कंठ फुटतो.

तुला आठवतं, पहिलं खोकं आलं तो दिवस? ते दोन मनोरे पडले त्या सप्टेंबरनंतरचेच आठवडे होते. सगळ्या देशाचा जीव टांगणीला लागलेला, आपली माणसं दुकानात गेली की लोक वळून बघायचे. आमचे हे टोपी घालून बाहेर पडेनात, का तर टोपीत ते 'आणखीच परके' दिसतात म्हणे. आणि अशा दिवसांत तुझा फोन, "नले, ये जरा, हात लागेल मला." मी आले तर तुझ्या गॅरेजमध्ये पुरुषभर लांब खोकं. मला वाटलं, पडद्याचे रॉड असतील. तू सुरीने टेप कापलीस आणि आतून काकवीसारख्या घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये लडबडलेली, शंभर वर्षांची म्हातारी दिसणारी बंदूक निघाली.

"कुमुद, तुला तुरुंगात टाकतील गं."

"का टाकतील? लायसन्स आहे माझं. पन्नास वर्षांहून जुन्या लष्करी बंदुका घरपोच मागवता येतात संग्रह करणाऱ्या कलेक्टरना. फॉर्मची एक कॉपी पोलीस चीफनासुद्धा पाठवलीय."

"चीफ काय म्हणाले?"

"काय म्हणणार? त्यांच्याकडे स्वतःच्याच सात असतील. तू तिकडून धर, आणि साडीला पुसू नकोस हात, जन्मात निघायचं नाही ते."

मी तेव्हा पंजाबी ड्रेस घातला होता, पण तुझ्या लेखी मी काहीही घातलं तरी साडीच. मी एकोणसाठ वर्षांची, रिटायर झालेली, स्वतःला मोठी सुधारक समजणारी बाई. मी तिथल्या तिथे तुला व्याख्यान दिलं. हिंसा, शस्त्रं, या देशाला लागलेलं वेड, सगळं त्यात होतं. आता आठवलं की त्या बाईला कानाला धरून गॅरेजबाहेर काढावंसं वाटतं. तू मात्र शांतपणे चिंधी रॉकेलमध्ये बुडवत होतीस. माझं संपल्यावर म्हणालीस, "झालं? आता हा स्क्रू धर."

मग तू मला बाबांची गोष्ट सांगितलीस. चाळीस वर्षांची आपली ओळख, आणि तोवर मला एवढंच माहीत होतं की तुझे वडील खडकीला नोकरीला होते. ते लष्कराच्या वर्कशॉपात सुतार होते. बंदुकांची लोखंडं टिकायची, लाकडं कुजायची, फुटायची. मग नवं लाकूड बसवायला त्या बाबांकडे यायच्या. नळीच्या खाली पुढपर्यंत जातं ते लांब लाकूड बसवणं सगळ्यात कठीण, हे तू मला किती वेळा सांगितलंस. केसभर इकडेतिकडे झालं तर नेम चुकतो. आणि जे लाकूड अगदी मनासारखं बसेल, पहिल्या फटक्यात, त्याच्या आतल्या खोबणीत, जिथे नळी टेकते आणि बाहेरून कधी कुणाला दिसत नाही तिथे, बाबा गोल पटाशीने तीन टवके काढायचे. तीन दळांचं बेलाचं पान. साहेबाला कळलं तर नोकरी जायची. घरी फक्त तुला ठाऊक होतं, कारण तू त्यांची लाडकी आणि तुझ्या पोटात गोष्ट राहायची.

त्यांच्या सदऱ्याला जवसाच्या तेलाचा वास यायचा, म्हणालीस. म्हणून त्या बंदुकांच्या लाकडाला तू बाजारातलं पॉलिश कधी लावलं नाहीस. जवसाचं तेल तळहातावर घ्यायचीस आणि लहान पोराला चोळावं तसं चोळत बसायचीस.

इथल्या बाजारात हिंदुस्थानातून निकालात निघालेल्या बंदुका ढिगाने येत होत्या तेव्हा. एका बऱ्या पैठणीहून स्वस्त. तुझा हिशेब साधा होता: या सगळ्या कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपातून गेल्यात, कधी तरी त्यातली एक बाबांच्या हातची निघेल. मी म्हटलं, "अगं, लाखांनी असतील. गवताच्या गंजीत सुई." तू म्हणालीस, "सुई तरी आहे ना गंजीत."

मला तुझं वेड पटलं नाही, पण येणं मी सोडलं नाही. आपल्याला दुसरं काय होतं? तुझे नवरोजी जाऊन दोन वर्षं झाली होती, माझे जिवंत होते पण गोल्फ बघायचे. शनिवारी सकाळी चहा घेऊन मी तुझ्या गॅरेजमध्ये. शिकलेही हळूहळू. चुका केल्याशिवाय नाही. त्या दुसऱ्या बंदुकीला मी उत्साहाने आधी मागच्या दस्त्याचा लांब स्क्रू फिरवला, आणि पुढचं लाकूड कट्कन तडकलं. तू ओरडली नाहीस. त्या चिरेवरून बोट फिरवून म्हणालीस, "लांब लाकूड आधी काढायचं, दस्ता नंतर. बाबांनी नवीन पोराला याच चुकीसाठी एकदा कानफटात मारली होती." मी गाल पुढे केला. तू ग्रीसचं बोट माझ्या गालावर ओढलंस.

जुलैमध्ये ती तेलकट लाकडं काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात गाडीच्या मागच्या काचेशी ठेवायची, म्हणजे आतलं जुनं ग्रीस घामासारखं बाहेर येतं. तुझी गाडी छोटी, म्हणून आमची घेतलीस. यांना सांगायला मी विसरले. हे त्याच गाडीतून मंडळाच्या मीटिंगला चार जणांना घेऊन गेले. रात्री घरी येऊन मला म्हणाले, "आपल्या गाडीत काही मेलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, कुमुदचे वडील सुकताहेत." पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तुला हे फोनवर सांगितलं तर हसता हसता तुला ठसका लागला.

आणि गन शो, तो बंदुकांचा बाजार. त्या अवाढव्य हॉलमध्ये कोटाखाली साडी, साडीखाली स्नीकर्स घातलेली तू, हातात पेनएवढा टॉर्च. नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत एक डोळा मिटून बघायचीस. लाल दाढीवाल्या विक्रेत्याने विचारलं, "व्हॉट आर यू लुकिंग फॉर, मॅम?" तू मान वर न करता म्हणालीस, "माय फादर." तो हसला नाही. त्यानंतर हिंदुस्थानी बंदूक आली की तो ती टेबलाखाली तुझ्यासाठी बाजूला ठेवायचा. गोळी मात्र तू एकही विकत घेतली नाहीस. त्याने एकदा फुकट देऊ केल्या तर म्हणालीस, "गोळी माझ्या घरात येणार नाही."

यावरूनच आपलं भांडण व्हायचं. माझे काका बेचाळीसला तुरुंगात होते, ते मी दर वेळी काढायचे. "कुमुद, याच बंदुका आपल्या माणसांवर रोखल्या होत्या." तू म्हणायचीस, "बाबांनी लाकूड बसवलं. रोखली त्यांनी नाही." "लाकूड नसतं तर रोखता आली असती का?" मग तू चिंधी उचलून पुन्हा पुसायला लागायचीस आणि मी जिंकले असं समजायचे. एकदा मात्र म्हणालीस, "नले, आमच्या घरी सहा माणसं जेवायची त्या लाकडावर. तू सांग, कुठली जेवायला नको होती?" मी विषय बदलला. ते उत्तर माझ्याकडे आजही नाही, पण तेव्हा निदान कबूल तरी करायला हवं होतं.

आता ते, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले.

त्याच्या आदल्या वर्षी तू मला एप्रिल फूल केलं होतंस. आवाज बदलून फोनवर शहराची इन्स्पेक्टर झालीस, आणि "तुमच्या लॉनवरचं गवत नियमापेक्षा अर्धा इंच उंच आहे," असं सुनावलंस. मिशिगनमध्ये एप्रिलच्या एक तारखेला गवत जिवंत तरी असतं का? पण मी पट्टी घेऊन लॉनवर वाकले होते, आणि तू समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होतीस. त्याचा सूड घ्यायचा होता मला.

मार्चअखेर तू आठवडाभर समीरकडे गेलीस. कढीपत्त्याला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. गॅरेजमध्ये पाच न उघडलेल्या बंदुका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यातली पहिली घेतली, तू शिकवलंस तसं लांब लाकूड आधी काढलं, आणि खोबणीत तीन टवके मारले. सोपं वाटलं होतं. पटाशी निसटत होती. एक पाकळी लांब झाली, एक वाकडी, मधलीला दोनदा घाव घालावा लागला. मग ताजं लाकूड दिसू नये म्हणून त्यात चहाचा चोथा चोळला, वरून जुनं ग्रीस भरलं, सगळं जसंच्या तसं बसवलं. एकसष्ट वर्षांची घोडी मी, आणि स्वतःच्या कारागिरीवर इतकी खूश की घरी जाताना गाडीत एकटीच गात होते. मनात सगळा प्रसंग रचलेला: तू किंचाळशील, मी दहा मिनिटं तुला नाचू देईन, मग म्हणेन, एप्रिल फूल, लॉन मोजून घे. तू मला लाकूड फेकून मारशील. आपण हसू.

तू एक तारखेला परत आलीस. दमली होतीस, बंदुकीला हात लावला नाहीस. दोन तारखेला तुझी डॉक्टरांकडे फेरी. तीन तारखेला सकाळी म्हणालीस, "चल, एक उघडू या." तेव्हासुद्धा मला वाटलं, दोन दिवस उशीर झाला तर काय झालं, गंमत ती गंमत.

लाकूड सुटून तुझ्या हातात आलं. तू चिंधीने खोबणीतलं ग्रीस पुसायला लागलीस. मधेच चिंधी थांबली. तू किंचाळली नाहीस. लाकूड खिडकीपाशी नेलंस, चष्मा काढलास, पुन्हा घातलास, आणि त्या तीन टवक्यांवरून अंगठा फिरवत राहिलीस. मी तोंड उघडून तयार. 'एप्रिल' हा शब्द अगदी जिभेवर होता.

तू म्हणालीस, "नले, बाबांचा हात थरथरत होता गं."

मी म्हटलं, "काय?"

"बघ ना. बाबांच्या पाकळ्या तांदळाच्या दाण्यासारख्या एकसारख्या असायच्या. ही बघ, घसरलीय. इथे दोनदा घाव घातलाय. ते दोनदा घाव घालणारे नव्हते. आजारी होते ते. आजारी असून कामाला जात होते." आणि मग लाकूड छातीशी धरून तू उलट्या बादलीवर बसलीस.

तुझे बाबा एके दुपारी डबा खाऊन उठले आणि पडले, एवढंच तुला इथे कळलं होतं. तेव्हा समीर पोटात, डॉक्टरांनी विमानाला मनाई केलेली, तू गेली नाहीस. तुझ्या भावाने लिहिलं होतं, काही त्रास झाला नाही, आधी काही आजार नव्हता, ध्यानीमनी नसताना गेले. त्या एका वाक्याच्या आधारावर तू तीस वर्षं काढली होतीस. मी ते वाक्य तुझ्याकडून काढून घेतलं. पटाशीने, तीन टवक्यांत.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. आता कुणीही हेच म्हणेल, मीही म्हणते. पण तू रडत होतीस आणि हसतही होतीस. "सापडले गं," म्हणत होतीस. "सापडले." त्या 'सापडले'वर मी एप्रिल फूल म्हणू? मला वाटलं, चहा करून आणते, मग सांगते. चहा घेऊन आले तर तू पुण्याला फोनवर. भावाला विचारत होतीस, "खरं सांग, बाबांचे हात कापत होते का?" पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तू म्हणालीस, "त्याला आठवत नाही म्हणतो. लपवलं असेल त्याच्यापासूनही. मला पत्रात लिहायचे, तब्येत उत्तम, काळजी नसावी."

त्यानंतर दर शनिवारी मी ठरवून यायचे. आज सांगायचं. आणि दर शनिवारी गोष्ट आणखी मोठी झालेली असायची. तू बंदूक पुन्हा जुळवलीस, जवसाचं तेल चोळलंस, बैठकीत भिंतीवर लावलीस. आल्यागेल्याला सांगायला लागलीस. मी तिथे शेजारी बसून चिवडा खात ऐकायचे. लोक माझ्याकडे बघायचे तेव्हा मान हलवायचे. लबाडी करायला तोंड उघडावंच लागतं असं नाही.

उरलेल्या चार तू उघडल्यासुद्धा नाहीस. "आता कशाला? मिळाले ना." चारही लाल दाढीवाल्याला परत देऊन टाकल्यास. मी गाडीत चढवायला मदत केली. हातात घेतलेली प्रत्येक बंदूक मला जड लागत होती, आणि मनात एकच: यांतल्या एकीत खरं पान असलं तर?

सापडल्याने तू सुखी झालीस का? हा प्रश्न मी स्वतःला पाच वर्षं विचारला आणि मला हवं ते उत्तर द्यायचा प्रयत्न केला. लोकांसमोर तू सुखी होतीस. पण बाबांच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा तू काढलास, आणि भिंग घेऊन त्यांतली अक्षरं तपासायला लागलीस, कुठे हात कापलाय का. मला दाखवायचीस, "हा 'ळ' बघ. थोडा हलल्यासारखा वाटतो ना?" मी म्हणायचे, "छे गं, शाईचं पेन आहे ते." तू म्हणायचीस, "तुला माझं बरं वाटावं म्हणून म्हणतेस." कुमुद, जन्मात एवढं खरं मी क्वचितच बोलले असेन, आणि नेमकं तेच तुला खोटं वाटलं.

शेवटच्या महिन्यात, हॉस्पिसवाली नर्स येऊन जायची त्या दिवसांत, एकदा दुपारी तू जागी होतीस. म्हणालीस, "बाबांचा हात थरथरत होता तेव्हा मी इथे नव्या अपार्टमेंटला पडदे शिवत होते, नले. पिवळे. मला फार हौस होती पडद्यांची."

मी म्हटलं, "थंडी असेल गं वर्कशॉपात. थंडीने कापतो हात."

तू म्हणालीस, "पुण्यात कसली आलीय थंडी."

डोळे मिटलेस. मी तुझा हात धरून बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. समीर खाली लाँड्री करत होता, मशीनचा आवाज येत होता. इतकी सोय देवाने कधी कुणाला करून दिली नसेल. एक वाक्य होतं. ते ऐकून तू मला शिवी दिली असतीस, कदाचित तोंड फिरवलं असतंस. पण त्या पिवळ्या पडद्यांतून सुटली असतीस. तुझे बाबा ठणठणीत हाताने, डबा खाऊन, ध्यानीमनी नसताना गेले असते, आधी होते तसे. मी ते वाक्य बोलले नाही. तुला धक्का बसू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, तुझ्या नजरेतून उतरून तुला निरोप द्यायचं धैर्य मला नव्हतं. तुझ्या शेवटच्या दिवसांपेक्षा मला माझं तुझ्यासमोरचं तोंड प्यारं होतं.

फ्यूनरल होममध्ये समीर बोलला. छान बोलला, बापासारखा लांबण लावत नाही. त्याने त्या बंदुकीची गोष्ट सांगितली. त्याचे आजोबा आजारी असतानाही कामावर जात राहिले, हात थरथरत होता तरी त्यांनी ते पान कोरलं, आणि तो हट्ट आपल्या आईत उतरला होता. दोन-तीन जणींनी डोळे पुसले. माझे हे माझ्या कानात म्हणाले, "तू का थरथरतेस? कोट देऊ?" यांनाही मी सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हाच त्यांना कळेल.

मागच्या शनिवारी यांना गाडी काढायला लावली आणि गन शोला गेले. लाल दाढी आता पांढरी झालीय. तू गेलीस हे सांगितल्यावर त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मी त्या चार बंदुकांचं विचारलं. तो म्हणाला, केव्हाच गेल्या, दोन ओहायोत, दोन कुठे ते आठवत नाही, आणि हिंदुस्थानातून आता असा माल येतही नाही पूर्वीसारखा. टेबलावर एकच होती. "तुम्हाला बघायचीय?" म्हणाला. मी बसून तिचं लांब लाकूड काढलं. माझ्या हाताला अजून सवय आहे. खोबणीत ग्रीस, धूळ आणि कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. दुसरं काही नाही. मी ते परत बसवलं, आभार मानून निघाले.

गाडीत यांनी विचारलं, "काय शोधत होतीस?"

"काही नाही."

"मिळालं असतं तर विकत घेणार होतीस?"

मी म्हटलं, "नाही. तिथेच ठेवून आले असते."

कारण खरं पान, एकसारख्या तांदळाच्या दाण्यांचं, मिळालंच, तर मी ते कुणाला दाखवू? ज्या एका माणसाला त्याने सोडवलं असतं ते माणूस आता नाही. राहिले समीर आणि रिया, त्यांच्या भिंतीवरचं पान खोटं ठरेल, एवढंच.

तरीही काल तुझ्या घरी गेले ते समीरला सगळं सांगायचं ठरवून. म्हणजे मी तसं यांना नाही, स्वतःला सांगितलं होतं. पर्समध्ये इंग्रजीत लिहिलेला कागद होता. अकराव्या दिवशी एकदाचा लिहिला. चारच ओळी: मी कुमुदबरोबर होते, तिने स्वतःच्या हाताने लाकूड काढलं, तिला आत कोरलेलं बेलाचं पान दिसलं, तिला तिच्या बाबांची आठवण झाली. एकही शब्द खोटा नाही. वकिलाच्या घरची नाही मी, पण काय कागद झाला होता. वाटलं, हा आधी देते, मग तोंडाने पुढचं सांगते.

बंदूक बैठकीच्या टेबलावर उघडून ठेवली होती. रिया आपला अंगठा त्या टवक्यांवरून फिरवत होती. तुझ्यासारखाच. समीरने कागद वाचला, पुन्हा वाचला, म्हणाला, "ब्यूटिफुल, मावशी. पण ते हात थरथरत होता ते राहिलं. दॅट्स द होल स्टोरी." आणि खिशातलं पेन काढून त्याने खाली, स्वतःच्या अक्षरात, ती ओळ घातली.

रियाने विचारलं, "वॉज ही रिअली सिक?"

"येस. बट ही वेंट टु वर्क."

त्या पोरीने पानावरचा अंगठा उचलला. मग मला म्हणाली, "ही वॉज ब्रेव्ह." मी तिच्याकडे बघितलं, समीरकडे बघितलं. त्याने पेन माझ्यापुढे धरलं होतं. मी सही केली. त्याच्या ओळीच्या खाली.

म्हणून हे इथे लिहिते आहे, मंडळाच्या अंकात, जिथे आपण दोघी तीस वर्षं लेख पाडत आणि एकमेकींचे दुरुस्त करत आलो. ज्यांना वाचता येतं त्यांनी माझ्याबद्दल काय ते ठरवावं. अंक समीरच्या घरीही जाईल. तुझा फोटो आहे म्हणून तो उघडेल. लहानपणी रविवारच्या मराठी वर्गाला तू त्याला ओढत आणायचीस तेव्हा शिकलेली थोडी अक्षरं त्याला अजून येतात, अख्खं वाक्य नाही. तो तुझं नाव लावून लावून वाचेल, कु, मु, द. रियालाही दाखवेल. मग अंक शेल्फवर, त्या बंदुकीच्या खाली, नीट ठेवून देईल.